डाख दिलेली वस्तू

आमच्या घरच्या लॅपटॉपची चार्जिंगची पिन सैल झाली आहे, हे मान्य करावयास आम्हाला तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात वायर किंचित डावीकडे ओढून ठेवली की दिवा लागत असे. दुसऱ्या महिन्यात वायरीखाली काडेपेटी ठेवावी लागली. तिसऱ्या महिन्यात काडेपेटीवर घडी केलेले एक पोस्टकार्ड चढले आणि टेबलाला कोणी धक्का लावू नये अशी ताकीद घरात सर्वांना मिळाली. अखेर आम्ही तो शहरातील एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकण न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आणि जी रक्कम सांगितली, तीत थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता. आम्ही तो उचलला आणि घरी परत आणला. घरीच दुरुस्त करावयाचे ठरले.

या निश्चयात काटकसर होती, तसा थोडा अहंकारही होता. आयुष्यभर रेडिओ, मिक्सर, इस्त्री यांची पोटे उघडून पाहिलेल्या माणसाला कोणी झाकण न उघडता निकाल दिला की ते मानवत नाही. शिवाय दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केल्यापासून फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी आपल्या व्यासपीठांवरून आपण पुष्कळ बोलत आलो आहोत. आम्हीही बोललो आहोत. बोललेले एकदा तरी हाताने करून पाहावे, असे मनात होते.

चार्जरचे टोक ज्या जॅकमध्ये जाते, तो जॅक दोन प्रकारांनी बसविलेला असतो. काही लॅपटॉपांत तो चार इंच वायरीच्या तुकड्याच्या टोकाशी असतो. दोन स्क्रू काढावेत, वायर उपटावी, नवी लावावी, काम झाले. दुसऱ्या प्रकारात तो थेट मुख्य पट्टीवर डाखलेला असतो. चार्जरची वायर पायात अडकली किंवा लॅपटॉप वायरीसकट मांडीवर घेतला की तो सगळा जोर तरफेसारखा त्या तीन-चार इवल्या डाखांवर येतो. डाखाभोवती केसाएवढी गोल भेग पडते, आणि पुढची गोष्ट काडेपेटीची. पहिला प्रकार निवडावा की दुसरा, हे कुठल्यातरी दूरदेशीच्या कार्यालयात बसलेल्या अभियंत्याने ठरविलेले असते. काही रुपये वाचविण्यासाठी त्याने केलेली निवड सहा वर्षांनी एका अनोळखी घरात वस्तू जगणार की मरणार हे ठरविते. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत अशा कृतीचे प्रकरण क्वचितच आढळते, असावयास हवे.

आमचा लॅपटॉप दुसऱ्या प्रकारचा निघाला. सर्व स्क्रू आम्ही एका ताटलीत, ज्या जागेचे त्या जागी, नकाशासारखे मांडले. प्रथम बॅटरीची जोडणी काढली. ती न काढता आत लोखंड घालणे म्हणजे आगीशी खेळ. भिंगाखाली भेग स्पष्ट दिसली. येथपर्यंत सारे ठीक होते.

डाख देण्याचे काम पाहिले की आमच्या पिढीला कल्हईवाला आठवतो. जुन्या औरंगाबादच्या गल्ल्यांतून तो येई, अंगणात खड्डा करून भाता लावी, पातेले तापले की नवसागर टाकून बोळ्याने आतून घाशी आणि मग कथलाची कांडी फिरवी. नवसागराचा पांढरा धूर आणि तो उग्र वास ज्याने घेतला आहे तो विसरणार नाही. नवसागराचे काम एवढेच, की भांड्यावरचा गंज आणि मळ काढावा. कारण मळलेल्या धातूला कथील धरत नाही. इलेक्ट्रॉनिक कामात हेच काम राळ करते. कथील आणि शिसे यांचे ६३ आणि ३७ या प्रमाणातले मिश्रण १८३ अंशांवर वितळते, अलीकडच्या शिसेविरहित डाखाला सुमारे २१७ अंश लागतात. पण दोहोंचीही पहिली अट स्वच्छतेची. मळ झाकून वर डाख ओतला, तर वरून चकाकतो आणि आतून सुटा राहतो. जाणकार त्याला 'कोरडा डाख' म्हणतात.

आमच्या पंचवीस वॅटच्या जुन्या लोखंडाने ते जमेना. पट्टीतील तांब्याचा विस्तीर्ण पत्रा उष्णता शोषून घेई आणि डाख वितळण्याआधीच थिजे. शेजाऱ्यांकडून साठ वॅटचे लोखंड आणले, जरा अधिक वेळ टेकविले, जरा अधिक जोर लावला, आणि एका पायाखालची तांब्याची टिकली पट्टीपासून सुटून लोखंडासोबत वर आली. असे झाले की त्या ठिकाणी डाखाला धरावयास काही उरत नाही. उरलेल्या पायांना आम्ही डाख दिला, आणि जॅक हलू नये म्हणून चहूबाजूंनी दोन नळ्यांतला, मिसळून लावावयाचा तो घट्ट गोंद भरला. दुसऱ्या दिवशी झाकण लावले, चार्जर जोडला. दिवा लागला. काडेपेटी स्वयंपाकघरात परत गेली. त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही कथा ऐकावी लागली.

एक गोष्ट मात्र आम्ही कोणाला सांगितली नाही. तासभर चार्जिंग झाले की जॅकच्या मागच्या कोपऱ्याशी बोट टेकवत नसे. म्हणून आम्ही डोळ्यांदेखतच चार्ज करीत असू, आणि झोपण्यापूर्वी चार्जर न चुकता काढीत असू.

पुढे मुलाने नवा लॅपटॉप घेऊन दिला. त्याच सुमारास धर्मग्रामाच्या साहाय्य मंडळाने महाविद्यालयीन मुलामुलींसाठी जुने लॅपटॉप द्यावेत असे आवाहन केले. मिस्सानंतर दाराशी टेबल मांडले होते. वस्तूबरोबर एक कागद भरून द्यावयाचा होता. वस्तूचे नाव, किती वर्षे वापरली, आणि शेवटचा रकाना 'स्थिती'. आम्ही लिहिले, 'चालू'.

शब्द खरा होता. त्या दिवशी आणि नंतरही काही दिवस आम्ही स्वतःला हेच सांगत होतो.

जुलैमध्ये एका रविवारी एक मुलगी आमच्याकडे आली. वैजापूरकडच्या एका खेड्यातली, आत्याकडे मुकुंदवाडीत राहून शिकणारी. लॅपटॉप तिला मिळाला होता. “काका, फार छान चालतो,” ती म्हणाली. “दिवसा आत्याची शिलाई मशीन असते त्या प्लगला, म्हणून रात्री लावते. वाकळेवर ठेवते न् झोपून जाते, सकाळी फुल्ल!”

आम्ही हसून मान डोलाविली. घरी येऊन कागदावर आकडे मांडले. चार्जरच्या पाठीवर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे छापलेले होते. आमच्या त्या अर्धवट सांध्याचा रोध अर्धा ओहम जरी धरला, तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने साडेपाच वॅटहून अधिक उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत निर्माण होत असणार. भोवती गोंद आणि प्लॅस्टिक, खाली हवा कोंडणारी वाकळ, आतल्या बाजूला लिथियमची बॅटरी, आणि शेजारी झोपलेले एक लेकरू. ही आग लागेलच असे नाही. बहुधा लागणार नाही. परंतु हे 'बहुधा' आम्ही आमच्या घरात एक रात्रही झोपू दिले नव्हते.

येथे प्रश्न उभा राहतो. विकणाऱ्याने दोष सांगावा काय, हा प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, ७७व्या प्रश्नात त्याचा ऊहापोह केला आहे. त्यांचा निर्णय असा, की दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एकाक्ष असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विक्रेत्याने तो ओरडून सांगण्याची गरज नाही; पण दोष झाकलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान वा धोका होणार असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून विकणे हे त्यांचेच उदाहरण. आणखी एक बारकावा त्यांनी नोंदविला आहे. विक्रेत्याला दोष ठाऊकच नसेल तर त्याला पाप लागत नाही, मात्र ठाऊक झाल्यावर भरपाई करावी लागते. आमच्यापाशी ही सवलत नव्हती. गोंद आम्हीच भरला होता.

पण आम्ही विकले कोठे होते? आम्ही तर दिले होते, एक पैसाही न घेता. मनाने शोधलेली ही पहिली पळवाट. धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. थोडा विचार केल्यावर मात्र ध्यानात आले, की ही म्हण घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने ती तोंडी घ्यावयाची नाही. उलट, विकत घेणाऱ्यापाशी पावती असते, ग्राहक मंच असतो, भांडावयाला तोंड असते. दान घेणाऱ्यापाशी यांतले काहीच नसते. दुकानदाराला 'हे गरम का होते?' असे विचारणारी मुलगी दात्याला ते विचारणार नाही. कृतघ्न ठरण्याच्या भीतीने ती गप्प बसेल. म्हणून जेथे किंमत नाही तेथे सांगण्याचे बंधन अधिक कडक असावयास हवे, असे आम्हाला वाटते. थॉमसने हे लिहिलेले नाही. त्यांच्या विवेचनाच्या वाटेने पुढे गेले तर येथेच पोहोचावे लागेल, एवढेच आम्ही म्हणतो.

दुसरी पळवाट अधिक चतुर होती, आणि तिला उत्तर देणे आम्हाला आजही सोपे वाटत नाही. समजा, रकान्यात आम्ही खरी हकीकत लिहिली असती. मंडळाने लॅपटॉप बाजूला ठेवला असता. मुलीला तो मिळाला नसता; तिचे वर्ष कदाचित सायबर कॅफेच्या वाऱ्या करण्यात गेले असते. निश्चित होणारे नुकसान टाळण्यासाठी एक अनिश्चित धोका अंधारात ठेवला, तर त्यात दया नाही काय? आहे, पण ती दया करण्याचा अधिकार कोणाचा? धोका तिच्या उशाशी होता. तो पत्करावयाचा की नाही, रात्री लावावयाचा की दिवसा, वाकळेवर की फरशीवर, हे ठरविण्यासाठी लागणारी माहिती आम्ही स्वतःपाशी ठेवून फक्त वस्तू पुढे सरकविली होती.

आम्ही स्वतः कधीकाळी घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिलो आहोत. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो यांची चव सांगावयास नको. मिशनमध्ये परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठेही येत. त्यांत असे जाडजूड लोकरी कोट असत, की आमच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते कोणी आणि का पाठविले असावेत, याचे आम्हा पोरांना नवल वाटे. गठ्ठा फुटला की कपडे लगेच वाटले जात नसत. एक वृद्ध सिस्टर ते व्हरांड्यात घेऊन बसत, एकेक कपडा उजेडात धरीत, बटणे लावीत, कसरीची भोके रफू करीत. आमच्या वाट्याला एक निळा सदरा आला. तो हाती देताना त्यांनी बाही उलटी करून कोपराजवळचा रफू दाखविला आणि म्हणाल्या, “इथं जपून रे, इथं मी शिवलंय.” आम्ही तो सदरा दोन वर्षे घातला, आणि झाडावर चढताना उजवा कोपर नेहमी आत घेतला.

शुभवर्तमानात याकोब आणि योहान यांना प्रभूने हाक मारली, तेव्हा ते तारवात बसून जाळी नीट करीत होते. मार्क आणि मत्तय या दोघांनीही तेथे 'कातार्तिझो' हे ग्रीक क्रियापद योजिले आहे. पुढे गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी, अपराधात सापडलेल्या बंधूला सौम्यपणे ताळ्यावर आणावे असे संत पौल सांगतात, तेथेही क्रियापद हेच आहे. जाळे विणणारा हात आणि माणसाला सावरणारा हात यांच्यासाठी त्या भाषेला एकच शब्द पुरला. कोळ्याला ठाऊक असते, की गाठ नीट न बसलेल्या जाळ्याची परीक्षा किनाऱ्यावर होत नाही. ती पाण्यात होते, आणि तेव्हा जाळे कोणा दुसऱ्याच्याही हाती असू शकते.

या जिल्ह्यात राहणाऱ्याला दुरुस्तीविषयी लिहिताना अजिंठा टाळता येत नाही. तेथील भित्तिचित्रांचे पापुद्रे सुटू लागले, म्हणून निजाम सरकारने १९२० साली इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलाविले. १९२२पर्यंत त्यांनी काम केले. सुटणारा गिलावा त्यांनी जागच्या जागी धरून ठेवला, आणि ते ऋण मान्य केलेच पाहिजे. पण रंग टिकावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचे वॉर्निशही दिले. काही दशकांत ते पिवळे पडले, त्यावर काजळी आणि धूळ बसली, आणि ज्यांना वाचवावयाचे होते ते रंगच त्याखाली झाकले गेले. ते वॉर्निश कणाकणाने उतरविण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे गेली. यातून कोणाला दोषी ठरवावे असे आम्हाला वाटत नाही. त्या काळी ती उत्तम पद्धत समजली जात होती. आज मात्र जतनशास्त्राचा नियम असा, की जे काही लावाल ते उद्याच्या माणसाला काढता आले पाहिजे, आणि काय लावले याची नोंद मागे राहिली पाहिजे. गोंद ओतताना आम्ही हे दोन्ही नियम मोडले होते. पुढच्या कारागिराची वाटच आम्ही बुजवून टाकली होती.

हल्ली दुरुस्तीच्या हक्काविषयी जगभर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणे बंधनकारक केले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. निर्मात्याने सुटे भाग द्यावेत, नकाशे द्यावेत, आमच्याच वस्तूचे पोट उघडण्याची आम्हाला मुभा असावी, ही मागणी न्याय्य आहे. परंतु आपण निर्मात्याकडे नकाशा मागतो, आणि आपण स्वतः केलेल्या डागडुजीचा नकाशा पुढच्याला देत नाही, ही विसंगती या चर्चेत फारशी कोणी बोलून दाखविल्याचे आमच्या वाचनात नाही.

आमच्या धर्मगुरूंना आम्ही हे सारे सांगितले. पापनिवेदन म्हणून नव्हे, चहा घेता घेता. त्यांनी एकच विचारले, “तिला सांगितलंत का?” आम्ही थॉमस अक्वायनसविषयी बोलू लागलो. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “ते नंतर बोलू. आधी मुकुंदवाडीला जाऊन या.”

आम्ही गेलो. आत्या मशीनवर होत्या, मुलगी जिन्यात बसून वाचीत होती. आम्ही सगळे सांगितले. सुटलेली टिकली, गोंद, गरम होणारा कोपरा, रकान्यातला शब्द. तिने शांतपणे ऐकून घेतले. ती रागावली नाही. थोडा वेळ विचार करून तिने साध्या कुतूहलाने विचारले, “काका, तुमच्याकडं होता तेव्हा तुम्ही रात्रभर लावून झोपायचे का?”

“नाही,” आम्ही म्हणालो.

तिने मान हलविली आणि आत जाऊन लॅपटॉप आणला.

पैठण गेटजवळच्या एका गल्लीत जिन्याखालच्या जागेत एक कारागीर बसतो. त्याने झाकण उघडले, भिंग लावले आणि वर न पाहता विचारले, “इसको पहले किसने खोला था?” आमचेच हात, असे आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. गरम हवेने गोंद मऊ करून तो टोकदार सुरीने उकरू लागला. हे उकरणेच पाऊण तास चालले. मग त्याने जुना जॅक काढला, नवा बसविला, आणि जेथे टिकली उरली नव्हती तेथून पट्टीवरच्या दुसऱ्या बिंदूपर्यंत एक बारीक तांब्याची तार नेऊन डाखली. मुलगी त्याच्या खांद्याशी वाकून पाहत होती. हे पिवळे काय, असे तिने विचारले. राळ, त्याने सांगितले. ही तार कशाला, हे विचारल्यावर त्याने लोखंडाच्या टोकाने पट्टीवरचा मार्ग तिला दाखविला. चार्जर लावून अर्धा तास तसाच ठेवला आणि मग त्याने तिचेच बोट धरून त्या कोपऱ्यावर टेकविले.

झाकण लावण्यापूर्वी त्याने एक लहान पांढरी चिकटपट्टी घेतली, तीवर तारीख आणि 'जॅक नया, तार डाली' एवढे लिहिले आणि आतल्या बाजूस चिकटविली. गिऱ्हाईक परत आले तर कळावे म्हणून आपण हे नेहमीच करतो, असे तो म्हणाला. पैसे आम्ही दिले. मुलीने वायर सैल गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि तिला ज्युबिली पार्कच्या थांब्यावरून बस गाठावयाची होती, म्हणून ती पुढे निघाली.